फ्लॅश-साठवणीचे मूल्यमापन : मापदंडांच्या इतिहासातील एक प्रकरण

१

व्यापारी संस्थेने आपल्या नोंदी कोणत्या साधनावर ठेवाव्यात, हा प्रश्न वरवर पाहता खरेदीखात्याचा आहे. परंतु त्याला एक इतिहास आहे, आणि तो केवळ साधनांच्या सुधारणेचा इतिहास नव्हे. एखादे नवे साधन पुढे येते तेव्हा त्याची पारख कोणत्या मापाने करावयाची हे बहुधा आधीच ठरून गेलेले असते. आणि ते माप जुन्या साधनाने घालून दिलेले असते. चुंबकीय तबकडीच्या जागी फ्लॅश-स्मृती येऊ लागली तेव्हा हेच घडले. फ्लॅशच्या अंगभूत गुणदोषांना अनुरूप असे मापदंड तयार होण्यास विलंब का लागला, ते मापदंड कोणते, आणि त्यांतही काय निसटले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आरंभ तबकडीपासून केला पाहिजे. आयबीएम या अमेरिकन कंपनीने १९५६ मध्ये ३५० या क्रमांकाचे तबकडी-साठवण यंत्र बाजारात आणले. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या असून त्यांवर ५० लाख अक्षरे मावत. इच्छित नोंद सापडण्यास सरासरी सुमारे सहा दशांश सेकंद लागे. तत्पूर्वी छिद्रित पत्रे आणि चुंबकीय फीत यांवर नोंदी ओळीने चाळाव्या लागत. आता कोणत्याही एका खात्यापर्यंत थेट जाता येऊ लागले. तेव्हापासून साठवणीच्या यंत्राची पारख दोन गोष्टींनी होऊ लागली : त्यात किती मावते आणि हवी ती नोंद किती वेळात हाती लागते.

पहिल्या बाबतीत पुढील अर्धशतकात विलक्षण प्रगती झाली. दुसऱ्या बाबतीत मात्र यंत्रशास्त्र आडवे आले. २००० साली मिनिटाला १५,००० फेरे घेणाऱ्या तबकड्या मिळू लागल्या. अशा तबकडीचा एक फेरा ४ मिलिसेकंदांचा. म्हणजे सरासरी अर्ध्या फेऱ्याची वाट पाहण्यात २ मिलिसेकंद जातात. त्यात वाचक-भुजा सरकण्याचा काळ मिळविला की एका क्रियेस पाच-सहा मिलिसेकंद लागतात, आणि सेकंदाला दोनशेच्या आतबाहेरच क्रिया होऊ शकतात. त्यामुळे मोठ्या बँका आवश्यकतेहून कितीतरी अधिक तबकड्या विकत घेत आणि प्रत्येकीचा बाहेरचा थोडा भागच वापरीत. क्षमता वाया गेली तरी चालेल, पण क्रियांची संख्या वाढली पाहिजे, हा त्यामागील हिशेब होता. ‘सेकंदाला किती वाचन-लेखन क्रिया’ हे माप सर्वमान्य झाले ते अशा दुर्भिक्षातून.

याच काळात या मापाहून अधिक प्रगल्भ असा एक विचारही मांडला गेला होता. जिम ग्रे व त्यांचे चोवीस सहकारी यांनी १९८५ मध्ये ‘डेटामेशन’ या नियतकालिकात अनामिक लेखकाच्या नावाने एक निबंध प्रसिद्ध केला. यंत्राच्या घटकांची गती मोजण्याऐवजी बँकेतील जमा-नावे हा व्यवहारच एकक धरावा, १०० पैकी ९५ व्यवहार एका सेकंदाच्या आत पुरे झाले पाहिजेत, आणि पाच वर्षांचा खर्च सोबत मांडावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. येथे मोजले जात होते ते यंत्र नव्हे, तर काम. आणि सरासरीऐवजी बहुसंख्य व्यवहारांवर घातलेली मर्यादा हे त्याचे परिमाण होते. पुढील विवेचनात या दोन गोष्टींचे महत्त्व स्पष्ट होईल.

२

फ्लॅश-स्मृतीचे मूळ तत्त्व १९६७ इतके जुने आहे. त्या वर्षी बेल प्रयोगशाळेतील डॉन कांग व सायमन झी यांनी चहूबाजूंनी विद्युत्‌रोधक थराने वेढलेल्या ‘तरत्या द्वारा’ची कल्पना मांडली. त्या द्वारावर अडकविलेले इलेक्ट्रॉन वीज बंद झाल्यावरही तेथेच राहतात, आणि त्यांच्या असण्यानसण्यावरून नोंद वाचता येते. १९७१ मध्ये इंटेल कंपनीत डोव्ह फ्रोमन यांनी याच प्रकारच्या तत्त्वावर आधारलेली स्मृती तयार केली. तथापि तीवरील मजकूर पुसण्यासाठी ती चिप काढून जंबुपार किरणांखाली ठेवावी लागे. पुढे विजेने पुसता येणारी स्मृती निघाली. तीत प्रत्येक अक्षर स्वतंत्रपणे पुसता येई, परंतु त्यासाठी जादा ट्रान्झिस्टर खर्ची पडत आणि ती महाग पडे.

तोशिबा या जपानी कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी नेमकी हीच सोय सोडून दिली. एकेक अक्षर पुसण्याचा हट्ट सोडून संपूर्ण गट एकदम पुसावा, म्हणजे प्रत्येक सेलला एकच ट्रान्झिस्टर पुरेल आणि स्मृती स्वस्त होईल, असा त्यांचा विचार होता. हे संशोधन त्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केले, आणि १९८७ मध्ये आज साठवणीसाठी वापरात असलेली ‘नँड’ ही रचना मांडली. ‘फ्लॅश’ हे नाव त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांनी सुचविले, असे सांगितले जाते. सर्व मजकूर एका क्षणात पुसला जाण्याची क्रिया पाहून त्यांना छायाचित्रकाराच्या लखलखाटाची आठवण झाली.

या व्युत्पत्तीकडे लक्ष देणे उपयुक्त आहे. फ्लॅश हे नाव वाचनाच्या वेगामुळे पडले असा समज सर्वत्र आढळतो; वस्तुतः ते पुसण्याच्या रीतीवरून पडले आहे. आणि गंमत अशी की, नँड-स्मृतीच्या तीन मूलक्रियांमध्ये पुसणे हीच सर्वांत मंद क्रिया आहे. वाचन काही दशक मायक्रोसेकंदांत होते, लेखनाला काही शे मायक्रोसेकंद लागतात, पुसण्याला मात्र काही मिलिसेकंद. शिवाय वाचन-लेखन पृष्ठागणिक होते, तर पुसणे अशा शेकडो पृष्ठांच्या एका गटाचे. लिहिलेल्या पृष्ठावर पुन्हा लिहिता येत नाही. आधी सगळा गट पुसावा लागतो. प्रत्येक वेळी पुसताना रोधक थर किंचित झिजतो. सेलमध्ये एकच बिट ठेवल्यास सुमारे १ लाख वेळा पुसणे सोसते. एकाहून अधिक बिटे ठेवून स्वस्ताई साधली की हा आकडा काही हजारांवर येतो. स्वस्ताईसाठी जी सोय सोडली, तिच्यातूनच फ्लॅशचे बहुतेक दोष उद्भवलेले आहेत.

३

१९८८ मध्ये एली हरारी, संजय मेहरोत्रा व जॅक युआन यांनी स्थापन केलेल्या सनडिस्क (पुढे सॅनडिस्क) या कंपनीने १९९१ मध्ये २० मेगाबाइटांची फ्लॅश-साठवण तयार केली. संगणकाला ती तबकडीच वाटावी अशी तिची योजना होती. यासाठी एक नियंत्रक मध्ये बसविला जातो. संगणक ‘या जागी लिही’ असे सांगतो. नियंत्रक प्रत्यक्षात दुसऱ्याच रिकाम्या पृष्ठावर लिहितो आणि जुने पृष्ठ बाद म्हणून नोंदवितो. सवडीने तो गटांतील शिल्लक मजकूर हलवून गट पुसतो आणि झीज सर्वत्र सारखी वाटून देतो. ‘ड्राइव्ह’ आणि ‘सेक्टर’ हे फिरत्या तबकडीच्या संसारातील शब्द काहीही न फिरणाऱ्या वस्तूला लागू झाले ते याच सोंगामुळे. शब्द टिकले आणि शब्दांबरोबर मापेही टिकली.

जानेवारी २००८ मध्ये ईएमसी कंपनीने आपल्या सिमेट्रिक्स या मोठ्या साठवण-यंत्रात ७३ व १४६ गिगाबाइटांच्या फ्लॅश-ड्राइव्ह देण्याचे जाहीर केले, आणि व्यापारी दप्तरखान्यात फ्लॅशचा खऱ्या अर्थाने प्रवेश झाला. जिथे सेकंदाला दोनशे क्रिया म्हणजे मजल, तिथे हजारोंचे आकडे दिसू लागले. हे आकडे खोटे नव्हते; पण ते कोऱ्या ड्राइव्हचे होते. सर्व गट रिकामे असताना नियंत्रकाला पुसण्याची वेळच येत नाही. ड्राइव्ह भरत गेली, जागोजाग बाद पृष्ठे साचली, म्हणजे प्रत्येक नव्या लेखनामागे जुना मजकूर हलविणे व पुसणे ओढवते आणि वेग घटतो. एका तासाच्या चाचणीत जे दिसते ते सहा महिन्यांनी दिसत नाही. तबकडी जुनी झाली म्हणून तिची भुजा संथ सरकू लागत नाही. त्यामुळे ‘यंत्र नवे असताना मोजावे की मुरल्यावर’ हा प्रश्नच जुन्या मापदंडात नव्हता.

४

ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न पुढील काही वर्षांत झाले. साठवण-उद्योगाच्या स्निआ या संघटनेने कसोटीची पद्धत ठरवून दिली. तीनुसार ड्राइव्ह प्रथम पूर्ण पुसून तिच्या क्षमतेच्या दुप्पट मजकूर तीवर लिहावयाचा, आणि लागोपाठच्या पाच फेऱ्यांतील मोजमापे ठराविक मर्यादेत स्थिरावल्यावरच आकडा ग्राह्य धरावयाचा. जेडेक या मानक-संस्थेने सप्टेंबर २०१० मध्ये टिकाऊपणाची मानके प्रसिद्ध केली. त्यांत घरगुती व व्यापारी असे दोन वर्ग केले असून, ठरलेले लेखन पुरे झाल्यावर वीज नसताना मजकूर किती काळ शाबूत राहिला पाहिजे हेही सांगितले आहे : घरगुती ड्राइव्हसाठी ३० अंश सेल्सियसला एक वर्ष, आणि व्यापारी ड्राइव्हसाठी ४० अंशांना तीन महिने. व्यापारी वर्गाची मुदत कमी पाहून अनेकांना आश्चर्य वाटते. परंतु ती ड्राइव्ह अहोरात्र, अधिक उष्णतेत आणि अधिक लेखन सोसते असे गृहीत धरले आहे. वर्षानुवर्षे कपाटात ठेवावयाच्या दप्तरासाठी ती योजलेलीच नाही.

टिकाऊपणा आता ‘दिवसाला किती वेळा संपूर्ण लेखन’ या एककात सांगतात. ३.८४ टेराबाइटांची ड्राइव्ह पाच वर्षे दिवसाला एकदा पूर्ण लिहिता येईल असे म्हटले, तर त्याचा अर्थ एकूण ७,००८ टेराबाइट लेखन. हा आकडा मोठा खरा. पण संस्थेचे स्वतःचे रोजचे लेखन किती, हे ठाऊक असल्याशिवाय तो निरर्थक आहे. क्षमतेच्या बाबतीतही असेच. पुनरावृत्त मजकूर एकदाच ठेवून आणि उरलेला आटवून १०० टेराबाइटांत ५०० मावतात, असे विक्रेता सांगतो. कारकुनी कागदपत्रांच्या बाबतीत हे घडू शकेल. आधीच आटविलेली चित्रे किंवा कूटबद्ध केलेल्या नोंदी असल्यास १०० चे १०० च राहतात.

प्रतिसादकालाच्या सरासरीचाही पुनर्विचार करावा लागला. वाचनाची मागणी नेमकी चालू असलेल्या पुसण्यामागे अडकली तर ती एरवीच्या कित्येक पट वेळ घेते. सरासरीत मात्र ती दिसत नाही. जेफ्री डीन व लुईझ बारोसो यांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की, एका कामासाठी शंभर यंत्रांना विचारावे लागत असेल आणि प्रत्येक यंत्र शंभरात एकदाच मंद होत असेल, तरी शंभरातील ६३ कामे रखडतात. म्हणजे १९८५ च्या निबंधातील ‘शंभरातील पंचाण्णव’ ही दृष्टी वेगळ्या वाटेने पुन्हा मान्य झाली.

५

प्रत्यक्ष वापराचा पुरावा यानंतर हाती येऊ लागला. गूगलच्या यंत्रागारांतील सहा वर्षांच्या नोंदींवरून बियांका श्रोडर व त्यांचे सहकारी यांनी २०१६ मध्ये असे दाखविले की, एका बिटाच्या महाग ड्राइव्ह स्वस्त ड्राइव्हांहून सर्वसाधारणपणे अधिक भरवशाच्या ठरत नाहीत. वापराच्या झिजेखेरीज नुसत्या वयाचाही परिणाम होतो. आणि फ्लॅश तबकडीहून कमी वेळा बदलावी लागत असली तरी न सुधारता येणारे दोष तिच्यात अधिक आढळतात. व्यापारी साठवण-यंत्रांतील लक्षावधी ड्राइव्हांच्या नंतरच्या अभ्यासात असे दिसले की, बहुसंख्य ड्राइव्ह आपल्या विहित लेखनमर्यादेचा अल्पांशच खर्च करतात. ज्या झिजेची सर्वांत अधिक धास्ती होती, तिच्यामुळे ड्राइव्ह क्वचितच निकामी झाल्या.

धोका दुसरीकडे होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये ह्यूलेट पॅकर्ड एंटरप्राइझ या कंपनीने ग्राहकांना कळविले की, तिच्या काही फ्लॅश-ड्राइव्हांतील अंतर्गत आज्ञावली बदलली नाही, तर त्या ३२,७६८ तास चालल्यावर निकामी होतील आणि त्यांवरील मजकूर परत मिळणार नाही. हा काळ ३ वर्षे, २७० दिवस व ८ तासांचा होतो. ३२,७६८ हा २ चा १५ वा घात असून सोळा बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात ३२,७६७ पर्यंतच मोजता येते. तासांची मोजदाद करणारा अंक अपुरा पडला असावा, हे अनुमान आकड्यावरूनच सुचते. मार्च २०२० मध्ये अन्य काही ड्राइव्हांसाठी ४०,००० तासांची अशीच सूचना निघाली.

या घटनेचे महत्त्व एका कंपनीच्या चुकीपुरते नाही. डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या अनेक-तबकडी योजनेत एक तबकडी बिघडली तरी उरलेल्यांवरून मजकूर पुन्हा उभा करता येतो. मात्र तबकड्या एकमेकींपासून स्वतंत्रपणे बिघडतात हे तीत गृहीत आहे. यांत्रिक झिजेच्या बाबतीत ते बव्हंशी खरे होते. पण एकाच दिवशी विकत घेऊन एकाच वेळी चालू केलेल्या, एकच सदोष आज्ञावली असलेल्या ड्राइव्ह एकाच तासाला बंद पडणार. तेथे प्रतही मूळ नोंदीबरोबरच जाते. वेगाची, झिजेची वा प्रतिसादकालाची कोणतीही प्रमाणित कसोटी हा दोष उघड करू शकली नसती.

६

या इतिहासावरून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, नव्या साधनाने जुन्याचे रूप घेतले म्हणजे जुनी मापेही निर्वेधपणे चालू राहतात आणि नव्या साधनाचे खरे स्वरूप दडवतात. दुसरा असा की, मापदंडांची सुधारणा झाली ती यंत्राऐवजी कामाकडे पाहिल्याने. ज्या संस्थेला आपल्या नोंदींचे रोजचे लेखन, त्यांची आटण्याजोगी प्रकृती आणि सोसवेल असा विलंब ठाऊक नाही, तिला कोणताही प्रमाणित आकडा मार्गदर्शक ठरणार नाही. तिसरा निष्कर्ष सर्वांत व्यावहारिक आहे. साठवणीचे मूल्यमापन खरेदीच्या दिवशी संपत नाही. निरनिराळ्या वेळी व निरनिराळ्या निर्मात्यांकडून घेतलेल्या ड्राइव्ह, आज्ञावलीच्या सुधारणांची वेळेवर दखल, आणि नोंदींची वेगळ्या प्रकारच्या साधनावर ठेवलेली प्रत, या गोष्टी विक्रेत्याच्या माहितीपत्रकात येत नाहीत; परंतु २०१९ मध्ये नोंदी वाचणार की जाणार हे ठरविण्याची शक्ती सेकंदाला होणाऱ्या क्रियांच्या संख्येत नव्हती, ती या गोष्टींत होती.