किल्ली आणि अंमल

यंत्राचा धनी कोण, या प्रश्नाचे उत्तर संगणकाच्या इतिहासात दीर्घकाळपर्यंत मुळीच अवघड नव्हते. जो यंत्रासमोर बसला आहे, ज्याच्या बोटांखाली त्याचा कळफलक आहे आणि ज्याच्या खिशात त्याच्या खोलीची किल्ली आहे, तोच त्याचा धनी, अशी सरळ वहिवाट होती. पुढे यंत्र एका मुलखात आणि त्याचा कारभारी दुसऱ्या मुलखात, अशी स्थिती आली, आणि धन्याचे हात तेथवर पोहोचावेत म्हणून यंत्राच्या पोटातच एक दुसरे लहान यंत्र कायमचे तैनात करण्याची प्रथा पडली. रॅकमध्ये बसविलेल्या युनिक्स सर्व्हरवर दुरून अंमल चालविण्याच्या या प्रथेचा इतिहास केवळ सोयीचा इतिहास नव्हे. सत्ता एका हातातून दुसऱ्या हातात कशी जाते, आणि जाताना तिच्यावरचे कोणते निर्बंध नकळत गळून पडतात, याचाही तो इतिहास आहे.

न्यू जर्सीतील मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत 1969 साली केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला, तेव्हा माणूस आणि यंत्र यांच्यातील संभाषण टेलिटाइप नावाच्या खडखडाट करणाऱ्या यंत्रावर चाले. त्याचे प्रसिद्ध 33 क्रमांकाचे रूप सेकंदाला दहा अक्षरे कागदावर उमटवी. एकाच संगणकाला असे अनेक टेलिटाइप जोडता येत, परंतु त्यांपैकी एकाचा मान वेगळा होता, आणि तो म्हणजे कन्सोल. इतर सारे मार्ग बंद पडले तरी प्रणालीचा गाभा आपली अखेरची तक्रार येथेच नोंदवी. यंत्र सुरू होत असताना त्याच्याशी बोलता येई ते येथेच. आणि बिघडलेली फाइल व्यवस्था दुरुस्त करण्याकरिता यंत्र एकट्या माणसासाठी उघडावयाचे, तर तेही येथूनच. नेटवर्कवरून यंत्रात शिरणारा मनुष्य, त्याच्यापाशी सर्वाधिकार असले तरी, यंत्र जिवंत आहे तोवरच अधिकारी; कन्सोलवर बसलेला मात्र यंत्र मृतप्राय झाल्यावरही अधिकारी राहतो. पुढील सर्व इतिहास या एका भेदातून उगवला आहे.

टेलिटाइप गेले, 1978 साली आलेल्या व्हीटी100 सारखे पडद्याचे टर्मिनल रूढ झाले, तरी त्यांना संगणकाशी जोडणारी सिरियल तार तीच राहिली. 1982 साली कॅलिफोर्नियात सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी स्थापन झाली (तिच्या चार संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा), आणि तिने युनिक्सला मेजावरच्या यंत्रांत आणून बसविले, त्या यंत्रांना पडदा व कळफलक असत. परंतु त्याच घराण्यातील सर्व्हरला पडद्याची गरज नव्हती, आणि सनच्या यंत्रांतील ओपनबूट या आरंभीच्या कार्यक्रमाची रचनाच अशी होती की कळफलक जोडलेला आढळला नाही तर तो निमूटपणे सिरियल पोर्टालाच कन्सोल मानी. घरगुती संगणकांच्या वंशातील सर्व्हरांना दुरून हाताळावयाचे तर पडद्यावरचे चित्रच दूर पाठवावे लागे. युनिक्स यंत्रांना तीन तारांवरून वाहणारी अक्षरे पुरेशी होती, आणि म्हणूनच दूरस्थ कारभाराची परंपरा त्यांच्यात लवकर आणि स्वाभाविकपणे रुजली.

या परंपरेला निकड आणली ती जागेच्या टंचाईने. टेलिफोन केंद्रांतील उपकरणांसाठी रूढ झालेली एकोणीस इंच रुंदीची लोखंडी चौकट संगणकांनी उचलली. तिच्यात उंचीचे एक घर पावणेदोन इंचांचे. इंटरनेटची सेवा देणाऱ्या कंपन्यांनी 1990 नंतरच्या दशकाच्या अखेरीस अशा चौकटींच्या रांगाच्या रांगा उभ्या केल्या, तेव्हा प्रत्येक सर्व्हरापुढे एक टर्मिनल आणि एक मनुष्य बसविणे अशक्य झाले. त्यावर पहिला तोडगा निघाला तो टर्मिनल सर्व्हरचा, म्हणजे अनेक सिरियल तारा एका पेटीत आणून त्या नेटवर्कवर खुल्या करण्याचा. तोडगा चांगला होता, पण त्यात एक खोच होती. सनचे यंत्र सिरियल तारेवर ‘ब्रेक’ नावाचा संकेत आला की चालू काम जागच्या जागी थांबवून ओपनबूटच्या ‘ओके’ या खुणेपाशी येऊन उभे राही. आणि टर्मिनल सर्व्हरची वीज गेली किंवा तो बंद-चालू झाला, तर पुष्कळदा तारेवर नेमका तसाच संकेत उमटे. एका पेटीचा खटका दाबताच तिला जोडलेली सारी यंत्रे एकदम स्तब्ध व्हावीत, असे प्रकार घडत. ‘गो’ असा हुकूम देऊन यंत्र पुन्हा चालते करता येई, आणि पुढे सनच्या सोलारिस या युनिक्स प्रणालीत ब्रेकऐवजी सहसा अपघाताने न उमटणारी तीन अक्षरांची खूण ठरविण्याची सोयही झाली. तथापि धन्याच्या अनुपस्थितीत त्याची आज्ञा आणि तारेवरचा गोंगाट यांतील फरक यंत्राने कसा ओळखावा, हा प्रश्न या निमित्ताने प्रथमच ठळकपणे पुढे आला.

त्या काळच्या सनच्या मोठ्या सर्व्हरांच्या दर्शनी बाजूस खरोखरीची, धातूची किल्ली असे. एंटरप्राइझ 250 या यंत्रावर तिची चार स्थाने होती: चालू, तपासणी, कुलूपबंद आणि विश्रांती. किल्ली कुलूपबंद स्थानी फिरविली की वीजबटण आणि ब्रेक हे दोन्ही निष्प्रभ होत. म्हणजे दुरून आलेल्या हुकमावर जागेवरच्या माणसाचा नकाराधिकार होता, आणि तो किल्ली फिरविण्याइतका सोपा होता.

दूरस्थ कारभाराचे एक महत्त्वाचे पाऊल पडले ते ‘लाइट्स-आउट मॅनेजमेंट’, संक्षेपाने लॉम, या नावाने. यंत्रशाळेतील दिवे मालवून माणसांनी घरी जावे आणि कारभार मात्र अखंड चालावा, ही त्यामागील कल्पना. पावणेदोन इंच उंचीच्या नेट्रा टी1 या सर्व्हरमध्ये पडद्याची सोयच नव्हती. त्याच्या सिरियल पोर्टात कन्सोलबरोबर लॉमही नांदत असे, आणि ‘#.’ ही दोन चिन्हे टंकिली की मुख्य प्रणाली बाजूला सरून लॉम उत्तर देई. मात्र लॉमला स्वतःचे नेटवर्क नव्हते, त्याच्यापर्यंत जावयाचे तर सिरियल तारेनेच. ही उणीव भरून काढली ती आरएससी, म्हणजे रिमोट सिस्टिम कंट्रोल या व्यवस्थेने. तिला स्वतःचा प्रोसेसर आणि स्वतःचा इथरनेट पोर्ट मिळाला. पुढील 280आर आणि व्ही880 या यंत्रांतील तिच्या कार्डावर तर मोडेम आणि बॅटरीही होती, म्हणजे नेटवर्क तुटले व वीज गेली तरी यंत्राने टेलिफोनवरून आपल्या धन्याला वर्दी द्यावी. आरएससीची सोय असलेले एंटरप्राइझ 250 हे यंत्र पुण्याला अपरिचित नव्हते. पुण्यातील सी-डॅक या संस्थेने 1998 साली उभारलेला परम 10000 हा महासंगणक याच जातीच्या सर्व्हरांचे जाळे गुंफून घडविला होता.

2003 साली आलेल्या सन फायर व्ही210 आणि व्ही240 या सर्व्हरांत हा नियंत्रक, ॲलॉम या नावाने, यंत्राचा अविभाज्य घटक झाला, आणि त्याचे कार्य पाहिले म्हणजे या प्रथेचे सारे मर्म ध्यानात येते. भिंतीतील खटका चालू असेतोवर, सर्व्हर स्वतः बंद असला तरी, अल्पशी राखीव वीज नियंत्रकाला मिळत राहते. मुख्य यंत्र झोपलेले, हा जागा. ‘एससी>’ या त्याच्या खुणेपुढे ‘शोएन्व्हायरन्मेंट’ असे लिहिले की तो तापमान, पंख्यांची गती आणि वीजदाब यांचा ताळेबंद पुढे ठेवतो. ‘पॉवरऑफ’ आणि ‘पॉवरऑन’ हे हुकूम आपला अर्थ स्वतःच सांगतात. ‘कन्सोल’ म्हटले की तो बाजूला होऊन धन्याला मुख्य यंत्रासमोर बसवितो, आणि ‘#.’ टंकिताच परत बोलावतो. कन्सोलवर पाहणारे अनेक असू शकतात, पण लिहिण्याचा अधिकार एका वेळी एकालाच. यंत्र कोलमडण्यापूर्वी कन्सोलवर जे उद्गार निघाले, त्यांचा रोजनामा नियंत्रक स्वतःपाशी जपून ठेवतो. आणि जागेवरच्या माणसाला शेकडो सारख्या पेट्यांतून नेमकी एक शोधता यावी, म्हणून ‘सेटलोकेटर’ या हुकमाने सर्व्हरच्या पुढे-मागे पांढरा दिवा लुकलुकू लागतो. दुरून सारे करता येते, पण बिघडलेला पंखा उपसून काढता येत नाही, याची ही मुकाट कबुली होय.

2005 च्या डिसेंबरात टी1000 आणि टी2000 ही यंत्रे आली, तेव्हा ॲलॉमच्या नव्या आवृत्तीत ‘सेटकीस्विच’ असा एक हुकूम समाविष्ट झाला. धातूच्या किल्लीची तीच चार स्थाने आता चार शब्द झाली, आणि ते शब्द पृथ्वीच्या पाठीवर कोठूनही उच्चारता येऊ लागले. सोय मोठी झाली खरी. पण जी किल्ली दुरून आलेल्या हुकमाला नकार देण्यासाठी होती, तीच दूरच्या हुकमाची ताबेदार झाली, हे त्या वेळी फारसे कोणाला खटकले नाही.

इतर घराणीही स्वस्थ बसली नव्हती. इंटेल, ह्युलेट-पॅकार्ड, एनईसी आणि डेल यांनी 1998 साली अशा नियंत्रकांसाठी आयपीएमआय हा सामाईक नियम जाहीर केला. 2004 च्या दुसऱ्या आवृत्तीने सिरियल कन्सोल नेटवर्कवरून वाहून नेण्याची रीतही ठरवून दिली. ह्युलेट-पॅकार्डच्या सर्व्हरांत आयलो हा नियंत्रक आला, डेलच्या यंत्रांत ड्रॅक. सनने आपल्या x86 सर्व्हरांपासून आरंभ करून आयलॉम आणले, स्वतःच्या स्पार्क प्रोसेसरांच्या यंत्रांतही ते नेले, आणि 2010 साली ओरॅकलने सन विकत घेतल्यावर तो वारसा तिकडे गेला. आता नियंत्रकामार्फत पडद्यावरचे चित्रही दुरून पाहता येऊ लागले, आणि दूरच्या संगणकातील तबकडीची प्रतिमा जणू सर्व्हरलाच जोडली आहे असे भासवून तिच्यावरून यंत्र सुरू करता येऊ लागले. पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत बसून परदेशातील सर्व्हरांचा कारभार पाहणाऱ्या पाळ्यांचा जो व्यवसाय महाराष्ट्रात वाढला, त्याला या साधनांचा मोठा आधार होता. ज्या यंत्राला कधी हात लावला नाही, जे कधी दृष्टीस पडले नाही, त्याच्या पंख्याचा वेग ठाऊक असणारी एक पिढी त्यातून तयार झाली.

या सत्तेची किंमत मागाहून कळली. नियंत्रक हा मुख्य प्रणालीच्या खालचा थर. तेथे शिरलेल्या मनुष्याला प्रणालीचा सांकेतिक शब्द ठाऊक असण्याची गरजच नाही, कारण तो यंत्र बंद करू शकतो, आपल्या तबकडीवरून सुरू करू शकतो आणि आतील दप्तर निवांतपणे चाळू शकतो. आयलॉमचा कारखान्यातून येणारा सांकेतिक शब्दच मुळी ‘मला बदला’ अशा अर्थाचा ‘चेंजमी’ होता. 2013 साली डॅन फार्मर या सुरक्षातज्ज्ञाने आयपीएमआयच्या दोषांकडे लक्ष वेधले. दुसऱ्या आवृत्तीची रचनाच अशी होती की, विचारणाऱ्याची ओळख पटण्यापूर्वीच नियंत्रक त्याच्या हाती असा मजकूर देई, की ज्यावरून त्याने घरी बसून सांकेतिक शब्दाचा माग काढावा. 2017 साली आयलो 4 मधील दोष उघड झाला: ठरावीक जागी ‘ए’ हे अक्षर एकोणतीस वेळा लिहून पाठविले की दार उघडे. तो दोष दुरुस्त झाला. पण 2021 च्या अखेरीस इराणमधील अम्नपर्दाज या संस्थेने आयलोच्या आत ठाण मांडून बसलेल्या एका घातक कार्यक्रमाचे वर्णन प्रसिद्ध केले, जो तबकड्यांवरील माहिती नष्ट करी, आणि धन्याने नियंत्रकाची नवी आवृत्ती बसविण्याचा प्रयत्न केला तर ती बसली असे खोटेच भासवी. पहारेकरीच फितूर झाल्यावर पहाऱ्याचा रोजनामा वाचून काय उपयोग?

यावर दोन दिशांनी उपाय चालू आहेत. 2015 साली आयपीएमआयच्या जागी रेडफिश हा नवा नियम पुढे आला. आणि नियंत्रकाच्या आत काय आहे हे सर्वांना पाहता यावे म्हणून ओपनबीएमसी हा खुला प्रकल्प उभा राहिला, जो 2018 साली लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेला. लिनक्स या युनिक्सच्या कुळातल्याच प्रणालीचे लहानगे रूप आज अनेक सर्व्हरांच्या पोटात बसून मोठ्या प्रणालीवर देखरेख करीत असते. पण आतले दिसू लागले म्हणून अंमल सुरक्षित होत नाही, कारण मूळ प्रश्न यंत्राचा नसून कारभाराचा आहे.

आणि त्या प्रश्नाची जाण आपल्याकडे जुनी आहे. शिवकालीन गडावर किल्ल्या हवालदाराच्या स्वाधीन असल्या, तरी हवालदार, सबनीस आणि सरनौबत या तिघांनी मिळून कारभार करावा आणि एकट्याच्या मर्जीने गड कोणाच्या हाती जाऊ नये, अशी योजना होती, आणि ती सभासदाच्या बखरीत नमूद आहे. ॲलॉमच्या कर्त्यांनीही 2003 साली हेच केले होते: व्यवस्था, खात्यांची नेमणूक, कन्सोल आणि पुनरारंभ असे चार अधिकार त्यांनी निरनिराळे ठेवले होते, आणि ते निरनिराळ्या माणसांस वाटून देता येत. परंतु कारखान्यातून येणाऱ्या ‘ॲडमिन’ या खात्यापाशी चारही अधिकार एकवटलेले असत, आणि ज्या कचेरीत सर्वांनी तेच एक खाते वापरले तेथे ती विभागणी कागदावरच राहिली.

तेव्हा ज्यांच्या हाती असा कारभार आहे त्यांस इतकेच सांगावयाचे, की नियंत्रकाचे नेटवर्क इतर सर्व रहदारीपासून वेगळे ठेवावे आणि इंटरनेटवर त्याचे दार कदापि उघडू नये. कारखान्याचा सांकेतिक शब्द पहिल्याच दिवशी बदलावा. आणि प्रत्येक माणसाला त्याच्या स्वतःच्या नावाचे खाते व कामापुरताच अधिकार द्यावा. यांपैकी एकाही गोष्टीसाठी नवे यंत्र विकत घ्यावे लागत नाही.