एरिक कार्ल : राखाडी बालपणातून उमललेले रंग

पानाला भोक पडणे हा एरवी पुस्तकाचा दोष. अमेरिकी बालसाहित्यिक व चित्रकार एरिक कार्ल यांनी मात्र त्याच भोकांतून एक भुकेली अळी जगभर फिरविली. तिच्या रंगांचे मोल कळण्यासाठी त्यांचे बालपण पाहावे लागते.

कार्ल यांचा जन्म २५ जून १९२९ रोजी न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूज येथे जर्मन वंशाच्या कुटुंबात झाला. तेथील बालवर्गातले मोठे कागद, जाड कुंचले आणि उजळ रंग त्यांच्या मनात कायमचे घर करून राहिले. १९३५ मध्ये आई-वडील त्यांना घेऊन स्टुटगार्टला परतले. शाळेत छडी आली, पाठोपाठ महायुद्ध. रानात दगड उचलून किडे दाखविणारे वडील सैन्यात गेले. रशियन कैदेतून ते परतले १९४७ मध्ये. बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने शहरातील इमारतीही मळकट रंगांनी झाकल्या होत्या. अशा काळात फ्रिडोलिन क्राउस या कलाशिक्षकांनी नाझींनी बंदी घातलेल्या आधुनिक चित्रांच्या प्रतिकृती त्यांना गुपचूप दाखविल्या. निळा घोडा रंगविणाऱ्या फ्रान्झ मार्क यांच्याशी तेव्हा जडलेले नाते कार्ल यांनी २०११ मध्ये एका चित्रपुस्तकातून व्यक्त केले.

१९५२ मध्ये अवघे ४० डॉलर घेऊन ते न्यूयॉर्कला आले आणि 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये ग्राफिक डिझायनर झाले. पुढे जाहिरातीसाठी त्यांनी केलेला लाल शेवंडा लेखक बिल मार्टिन यांच्या नजरेत भरला. त्यातून १९६७ मध्ये 'ब्राऊन बेअर, ब्राऊन बेअर, व्हॉट डू यू सी?' हे पुस्तक आकारास आले. पातळ कागद स्वतः रंगवून, कापून चिकटविण्याची शैली ही त्यांची ओळख ठरली.

कागदांच्या गठ्ठ्याला भोके पाडताना त्यांना पुस्तक कुरतडणारा किडा सुचला. संपादिका ॲन बेनेड्यूस यांच्या सूचनेवरून त्याची अळी झाली. अमेरिकेत अशी छपाई परवडेना, म्हणून ती जपानमध्ये करण्यात आली. १९६९ मध्ये निघालेल्या 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर'च्या पुढे ५ कोटींहून अधिक प्रती खपल्या, ६०हून अधिक भाषांत अनुवाद झाले.

घर सोडून शाळेत जाणे हा बालमनावरील मोठा आघात असतो, असे कार्ल मानत. म्हणूनच त्यांची पुस्तके निम्मी खेळणी असतात : बोट घालावे, मोजावे, मग वाचावे. २००२ मध्ये त्यांनी पत्नी बार्बरा यांच्यासह मॅसॅच्युसेट्समधील ॲमहर्स्ट येथे चित्रपुस्तक-कलेचे संग्रहालय उभारले. २३ मे २०२१ रोजी, वयाच्या ९१व्या वर्षी त्यांचे निधन झाले. लहानपणी हिरावलेले रंग त्यांनी अनेक पिढ्यांतील मुलांच्या हाती ठेवले.