मूत्राशयाचा कर्करोग : नेमका प्रकार कळणे महत्त्वाचे

हिंगोली - लघवीला जळजळ झाली, की 'उन्हाळी लागली' असे म्हणून धने-जिऱ्याचे पाणी घेण्याची आपल्याकडे रीत आहे. मराठवाड्यातील उन्हाळा पाहता ती समजण्यासारखीही आहे. मात्र, लघवीतून रक्त जात असेल आणि वेदना मुळीच नसेल, तर त्याचा दोष उन्हाळीला देणे धोक्याचे ठरते. हे रक्त एक-दोन दिवसांत आपोआप थांबते, रुग्ण निर्धास्त होतो आणि मूत्राशयाच्या कर्करोगाची पहिली खूण नजरेआड होते.

या कर्करोगाच्या दहापैकी सुमारे नऊ रुग्णांत तो मूत्राशयाच्या आतील अस्तरातून उद्भवलेला, म्हणजे 'युरोथेलियल' प्रकारचा असतो. धूम्रपान हे त्याचे प्रमुख कारण. उरलेल्यांत 'स्क्वॅमस', 'अडिनोकार्सिनोमा', 'स्मॉल सेल', 'सार्कोमा' हे दुर्मिळ प्रकार येतात. लक्षणे बहुधा तीच, उपचार मात्र निराळे.

स्क्वॅमस प्रकार दीर्घकाळच्या दाहातून होतो. वर्षानुवर्षे दुर्लक्षिलेला मूत्राशयातील खडा, लघवीसाठी कायम बसविलेली नळी, वारंवार होणारा जंतुसंसर्ग ही त्याची कारणे. इजिप्तमध्ये त्याला 'शिस्टोसोमा' हा कृमी कारणीभूत ठरत आला आहे. हा कृमी गोगलगाईंमार्फत पाण्यात व तेथून त्वचेवाटे शरीरात शिरतो. महाराष्ट्राशीही त्याचा संबंध आला होता. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावात त्याचा प्रादुर्भाव असल्याचे गाडगीळ व शहा या संशोधकांनी १९५२ मध्ये नोंदविले. त्यामुळे आफ्रिकेत नोकरी करून परतलेल्या रुग्णाने ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

सोनोग्राफीत गाठ दिसते. तिचा प्रकार दिसत नाही. लघवीतील पेशींची तपासणी निर्दोष आली, तरी कर्करोग नाहीच असे म्हणता येत नाही. दुर्बिणीने मूत्राशय पाहून गाठ खरवडून काढणे आणि तिची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करणे, हाच निदानाचा पाया होय. नमुन्यात मूत्राशयाच्या स्नायूचा थर आलेला असावा, अन्यथा रोग किती खोल गेला हे ठरत नाही. अडिनोकार्सिनोमा आढळल्यास तो मोठ्या आतड्यातून वा प्रोस्टेटमधून पसरलेला नाही ना, याचीही खातरजमा करावी लागते.

क्षयाची लस म्हणून परिचित असलेली 'बीसीजी' मूत्राशयात सोडण्याचा उपचार प्राथमिक अवस्थेतील युरोथेलियल प्रकारात उपयुक्त ठरतो. दुर्मिळ प्रकारांत त्यावर विसंबता येत नाही. स्क्वॅमसमध्ये सहसा संपूर्ण मूत्राशय काढावे लागते. स्मॉल सेल वेगाने पसरतो. म्हणून शस्त्रक्रियेची घाई न करता आधी केमोथेरपी आणि मग शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार, असा क्रम असतो. मूत्राशयाच्या माथ्यावर, बेंबीकडे जाणाऱ्या नाळेच्या अवशेषात होणाऱ्या अडिनोकार्सिनोमात मूत्राशयाचा तेवढाच भाग, तो अवशेष व बेंबी एकत्र काढून उर्वरित मूत्राशय अनेकदा वाचविता येते.

हिंगोलीत २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तरीही अशा रुग्णाला नांदेड, छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय किंवा मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालय गाठावे लागू शकते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, याची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आधीच करावी. निघताना केवळ अहवालाची झेरॉक्स नेऊ नये. काचपट्ट्या आणि मेणात जतन केलेला गाठीचा तुकडा, ज्याला प्रयोगशाळेत 'ब्लॉक' म्हणतात, तो मागून घ्यावा. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला प्रकाराची फेरतपासणी त्यावरूनच करता येते.