पैदाशीसाठी वळू: शिंगाचा की भुंडा?

काही गाई-बैलांना जन्मतःच शिंगं येत नाहीत. त्यांना भुंडी किंवा बिनशिंगी जनावरं म्हणतात. गोठ्यात शिंगाचा मार बसू नये, म्हणून असा वळू घ्यावा का?

भुंडेपणा वारशाने कसा येतो?
वासराला आई-वडिलांकडून प्रत्येकी एक जनुक मिळतं. त्यातलं एक जरी भुंडेपणाचं असलं, तरी साधारणपणे शिंगं येत नाहीत. वळूची दोन्ही जनुकं भुंडेपणाची असतील, तर शिंगाच्या गाईपासूनही सगळी वासरं भुंडी होतात. एकच असेल, तर साधारण निम्मी.

फसगत कुठे होते?
लहानपणी शिंगाचा कोंब डागलेला वळूही भुंडाच दिसतो, पण त्याच्या वासरांना शिंगं येतात. जन्मतः भुंड्या जनावराचा माथा उंच, टोकदार असतो. डागलेल्याचा सपाट, बऱ्याचदा व्रण असलेला. त्यामुळे घेण्याआधी माथा चाचपून बघा आणि आई-वडिलांची माहिती विचारा.

गोंदियात काय बघायचं?
पूर्व विदर्भातली कठाणी गाय ही नोंदणीकृत देशी जात. धानाच्या चिखलात काम करणारे बैल ही तिची खरी कमाई. शेजारच्या बालाघाटपासून वर्ध्यापर्यंत आढळणाऱ्या गवळाऊची शिंगं आखूड, बोथट असतात. देशी जातीत शिंगांची ठेवण ही ओळखीची खूण आहे. फक्त भुंडेपणासाठी बाहेरच्या जातीचा वळू लावला, तर वासरांत जातच पातळ होते. म्हणून इथे आधी पाय, खूर, काटकपणा आणि आईचं दूध बघा.

संकरित गाय असेल तर?
होल्स्टिनसारख्या विदेशी जातींत भुंडे वळू मिळतात. कृत्रिम रेतन करताना अशा वळूची रेतमात्रा उपलब्ध आहे का, हे पशुवैद्यकाला विचारा. वासरांचे कोंब डागण्याचा त्रास वाचतो. पण दूध, कास आणि गाभण राहण्याची क्षमता यांत तो वळू कमी असेल, तर नुसत्या भुंडेपणाचा फायदा नाही.

भुंडा बैल नांगराला चालतो का?
चालतो. जू मानेवर बसतं, शिंगांवर नाही. शिंगाचा कॅन्सरही त्याला होत नाही. पोळ्याला शिंगं रंगवायला मात्र मिळणार नाहीत!

थोडक्यात: दोन वळू बाकी सगळ्यात सारखे असतील, तरच शिंगांवरून निवड करा.