शब्दवेध : डीजे

‘डिस्क जॉकी’ची ही आद्याक्षरे. डिस्क म्हणजे तबकडी. जॉकी दूरवरून आला. जॉन या नावाचे स्कॉटिश रूप जॉक, त्याचे लाडाचे जॉकी. कोणाही सोम्यागोम्याला लावायचा हा शब्द पुढे घोड्यांच्या व्यापाऱ्याला आणि शेवटी शर्यतीतल्या स्वाराला चिकटला. १९४०च्या सुमारास अमेरिकी रेडिओवर तबकड्या वाजवणाऱ्या निवेदकाला ‘डिस्क जॉकी’ म्हणू लागले.

क्लबात ही स्वारी खऱ्या अर्थाने रंगली. शिकागोच्या ‘वेअरहाऊस’मध्ये १९७७पासून डीजे फ्रँकी नकल्स एका गाण्यातून दुसऱ्यात असे शिरत, की नाचणाऱ्याला सांधा कळू नये. डीजेच्या एका कानाला हेडफोनवर पुढचे गाणे, दुसऱ्याला सभागृह आणि नजर गर्दीच्या पायांवर. याच क्लबच्या नावाचे शेपूट ‘हाऊस’ संगीताला मिळाले, असे मानतात.

मराठीत शब्दाने माणूसच सोडला. आपल्याकडे डीजे ‘लावतात’. गणपतीच्या मिरवणुकीत, लग्नाच्या वरातीत ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत म्हणजे डीजे. गाणी निवडणारा पोरगा तिच्याआड बिननावाचा. म्हणूनच ‘डीजेबंदी’ची बातमी वाचताना कोणाच्याही डोळ्यांसमोर कलावंत येत नाही, छाती धडधडवणारा दणदणाट तेवढा आठवतो.