मुंबई ते लंडन : आठवडा, दिवस, दहा तास

आपल्यापैकी कितीजणींची लेक, सून, नातवंडं आज विलायतेत आहेत! दुपारी एकला मुंबईहून विमान उडालं, की तिथल्या संध्याकाळी ‘पोचले गं आई’ म्हणून फोन येतो. मुंबई–लंडन सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर, आणि थेट विमानाला साडेनऊ-दहा तास. हे तास इतके कमी कसे झाले, ते आज आम्ही सांगणार आहोत.

आगबोटीने, सुएझ कालवा झाल्यावरही, दोन-तीन आठवडे लागत. १९२९ मध्ये लंडन–कराची हवाई टपाल सुरू झालं. हवाई म्हणायचं खरं, पण मध्ये बाझेल ते जिनोआ चक्क आगगाडी होती! तरी पत्र आठवड्यात कराचीला येई. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल स्वतः विमान चालवत जुहूला आणलं.

मग ८ जून १९४८. देश स्वतंत्र होऊन वर्षही झालं नव्हतं. एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून निघालं. इंधनासाठी कैरो आणि जिनिव्हा इथे उतरायचं, त्यामुळे वाट आठ हजार किलोमीटरच्या आसपास जाई. पंख्यांचं विमान ते, पोचायला सुमारे एक दिवस. पण तिकीट इतकं महाग, की पाहुणी म्हणून जाणं सामान्य घरातल्या बाईच्या स्वप्नातही नव्हतं.

विमानात बसणारे सगळेच राजेमहाराजे होते असंही नाही. ३ नोव्हेंबर १९५० ला हेच ‘मलबार प्रिन्सेस’ जिनिव्हाला उतरायच्या बेतात असताना आल्प्समधल्या माँ ब्लां पर्वतावर आदळलं. ४८ माणसं गेली. त्यांत बहुतेक आपले खलाशी होते, परदेशी उभ्या असलेल्या बोटीवर कामाला रुजू व्हायला निघालेले. घरच्या बायकांना वाटलं असेल, यंदा महिनाभर समुद्रात नाही, एका दिवसात पोचतील. विमानाचे तुकडे पुढे कित्येक वर्षं हिमनदी खाली आणून सोडत राहिली.

१९६० मध्ये जेट आलं, तास झपाट्याने घटले, पण थांबे राहिलेच. २४ जानेवारी १९६६ ला डॉ. होमी भाभा ज्या बोइंगमध्ये होते, तेही बैरूतहून जिनिव्हाकडे येत होतं. डोंगरही तोच. त्यात ११७ जण गेले.

पुढे एका दमात लंडन गाठणारी विमानं आली आणि मधले थांबे सुटले. आता तास ठरतात ते वाऱ्यावर, आणि कोणत्या देशाचं आकाश लढाईमुळे बंद आहे त्यावर. उंचावरचा वारा पश्चिमेकडून पूर्वेला जोरात वाहतो. म्हणून लेक तिकडे जाताना जास्त वेळ लागतो, आणि माहेरी येताना तासभर लवकर येते.