मार्चची बिअर, ऑक्टोबरचा उत्सव आणि ऑगस्टमधली बाटली

#धागा

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेतील एखाद्या मद्याच्या दुकानात शिरावे, तर बाहेर उन्हाळा ऐन भरात असतो आणि आत मात्र शरद ऋतू अवतरलेला असतो. फडताळांवर नारिंगी पाने, भोपळ्यांची चित्रे आणि बव्हेरियाच्या ध्वजावरील निळ्या-पांढऱ्या चौकटी मिरवणाऱ्या बाटल्या. पंचांगानुसार तिथला शरद अजून सात आठवडे दूर! दर वर्षी ग्राहक कुरकुरतात आणि दर वर्षी या बाटल्या खपतातही.

या घाईचे खापर बहुधा आजच्या बाजारपेठेच्या हावरेपणावर फोडले जाते. ते पूर्णतः खोटे नाही, पण अपुरे आहे. कारण या 'शरदाच्या बिअर'चे मूळ नावच मुळी 'मार्चची बिअर' असे आहे. मेर्त्सेन. ऑक्टोबरात प्यायच्या पेयाला मार्चचे नाव का पडले, हे समजून घेण्यासाठी सोळाव्या शतकातील बव्हेरियात जावे लागते.

२३ एप्रिल १५१६ रोजी इंगोलश्टाट येथे ड्यूक विल्हेल्म चौथा आणि त्याचा भाऊ लुडविग दहावा यांनी बिअरविषयीचा तो प्रसिद्ध वटहुकूम काढला. बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काहीही घालू नये, एवढेच कलम आज सर्वांना ठाऊक असते. त्याच हुकुमातील दरांचे कलम मात्र फारसे कोणी वाचत नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने तेच अधिक बोलके आहे.

मिखाएल संताच्या सणापासून, म्हणजे २९ सप्टेंबरपासून, २३ एप्रिलच्या संत जॉर्जच्या दिवसापर्यंत एका मापाला, म्हणजे साधारण एका लिटरला, १ फेनिगपेक्षा अधिक दर घेऊ नये. संत जॉर्जपासून मिखाएलपर्यंत मात्र २ फेनिगपर्यंत घेण्यास मुभा. हिवाळ्यातील दराच्या दुप्पट! उन्हाळी बिअर मिळवणे आणि टिकवणे किती जिकिरीचे होते, याची ही राजमान्य कबुलीच म्हणायची.

जिकीर कशाची? त्या काळी बिअर उघड्या लाकडी पात्रांत आंबत असे. सूक्ष्मजीव म्हणजे काय, हे कोणाला ठाऊक नव्हते. पण उन्हाळ्यात बनवलेली बिअर आंबट होते, नासते, हे प्रत्येक ब्रुअरला अनुभवाने माहीत होते. शिवाय बव्हेरियातील यीस्ट थंडीत, पात्राच्या तळाशी राहून संथपणे काम करणारे. उष्मा वाढला की त्याचे गणित बिघडे आणि हवेतील जंगली जिवाणूंचे फावे. लाकडी घरांच्या दाटीत ऐन उन्हाळ्यात मोठमोठ्या भट्ट्या पेटवण्यात आगीचा धोकाही होताच.

अखेर सोळाव्या शतकाच्या मध्यास राज्यकर्त्यांनी थेट बंदीच घातली. २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर बनवायचीच नाही. म्हणजे वर्षातील पाच महिने भट्टी थंड. आपल्याकडे चातुर्मासात काही गोष्टी वर्ज्य असतात, तसा हा ब्रुअरांचा सक्तीचा चातुर्मास. फरक इतकाच, की बनवणे वर्ज्य होते, पिणे नव्हे.

मग उन्हाळाभर लोकांनी प्यायचे काय? त्यासाठी मार्चमध्ये, हंगाम सरता सरता, ब्रुअर नेहमीपेक्षा दमदार बिअर बनवून ठेवीत. माल्ट अधिक, म्हणून मद्यांश अधिक. हॉप्सही अधिक, कारण हॉप्सचा कडवटपणा नासवणाऱ्या जिवाणूंना रोखतो. हीच मेर्त्सेन. आपल्या घरांतून उन्हाळ्यात लोणची-पापडांची बेगमी होते ती पावसाळ्यासाठी. ही बेगमी उन्हाळ्यासाठी.

पिंपे थंड राहावीत म्हणून म्युनिकच्या ब्रुअरांनी ईझार नदीकाठच्या उंचवट्यांत खोल तळघरे खणली. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवरचा बर्फ कापून आणून तो त्यांत भरला. वर सावली हवी, म्हणून रुंद पानांची चेस्टनटची झाडे लावली. तळघरातील गार बिअर आणि वर गर्द सावली! लोक तिथेच बसून पिऊ लागले नसते तरच नवल. शहरातील खानावळवाल्यांनी तक्रारी केल्या. शेवटी ४ जानेवारी १८१२ रोजी राजा माक्सिमिलियान पहिला याने तोडगा काढला. ब्रुअरांनी आपल्या तळघरांवर बिअर खुशाल विकावी, पण पावाखेरीज दुसरे खाद्य विकू नये. आज जगभर मिरवणाऱ्या 'बिअर गार्डन'चा जन्म असा बर्फ, सावली आणि खानावळवाल्यांच्या रागातून झाला. पारंपरिक बिअर गार्डनमध्ये घरचा डबा घेऊन जाण्याची जी मुभा आजही असते, तिचे मूळही इथेच.

आता शरदाकडे येऊ. सप्टेंबरअखेर नवे जव आणि नवे हॉप्स हाती येत आणि बंदी उठे. नव्या बिअरसाठी पिंपे रिकामी हवीत, पण त्यांत मार्चच्या बिअरचा उरलासुरला साठा असे. तो संपवायलाच हवा! सहा महिने गारव्यात मुरून ती चवीला भरीव आणि नितळ झालेली असे. मेर्त्सेन ही शरदाची बिअर ठरली ती या हिशेबाने. शरद हा तिच्या जन्माचा नव्हे, अखेरच्या घोटाचा ऋतू होता.

प्रसिद्ध ऑक्टोबरफेस्टचा मात्र आरंभी बिअरशी फारसा संबंध नव्हता. १२ ऑक्टोबर १८१० रोजी युवराज लुडविग आणि राजकन्या टेरेझे यांचा विवाह झाला आणि पाच दिवसांनी शहराबाहेरच्या माळावर घोड्यांची शर्यत भरली. लोकांना ती इतकी आवडली की दर वर्षी भरू लागली. तो माळ आजही वधूच्या नावाने ओळखला जातो.

पुढे ऑक्टोबरातील थंडी-पावसाने उत्सवाचा विरस होऊ लागला, तेव्हा १८७२ पासून तो अलीकडे ओढून सप्टेंबरात आणला गेला. वाचकहो, इथे जरा थांबा. शरदाच्या बिअरची घाई पाहून आपण आजच्या दुकानदारांना नावे ठेवतो. पण खुद्द 'ऑक्टोबर'चा उत्सव सप्टेंबरात आणण्याचे काम म्युनिककरांनी दीडशे वर्षांपूर्वीच करून ठेवले होते.

त्याच वर्षीची आणखी एक कथा बिअरच्या इतिहासात परंपरेने सांगितली जाते. हवा उष्ण होती आणि मिखाएल शॉटेनहामेल या तंबूवाल्याकडील नेहमीची गडद बिअर संपली. तेव्हा योझेफ झेडलमायर या ब्रुअरने व्हिएन्नाच्या धर्तीवर बनवलेली, तांबूस रंगाची, दमदार मेर्त्सेन पुढे केली. दर चढा होता, तरी लोकांनी ती उचलून धरली.

'व्हिएन्नाच्या धर्तीवर' म्हणजे काय, त्यामागे एक नितांत सुंदर चोरी आहे. १८३३ मध्ये योझेफचा भाऊ गाब्रिएल झेडलमायर आणि व्हिएन्नाचा अँटन ड्रेहर हे दोघे तरुण इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले. तिथले ब्रुअर तापमापक आणि घनतामापक वापरून शास्त्रशुद्ध काम करीत. या दोघांनी पोकळ हातकाठी बनवून घेतली होती. पाहुणे म्हणून कारखाना पाहायचा, काठी हळूच पात्रात बुडवायची आणि नमुना खोलीवर नेऊन तपासायचा! माल्ट गरम हवेने हलके भाजण्याची इंग्रजी पद्धत घेऊन दोघे घरी परतले. १८४१ मध्ये ड्रेहरने व्हिएन्नाजवळ तांबूस लागर बाजारात आणली. त्याच वर्षी गाब्रिएलने म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीतून आपली मेर्त्सेन काढली.

पण ज्या यंत्राने मेर्त्सेनची गरजच संपवली, तेही याच श्पाटेन ब्रुअरीत घडले, हा इतिहासाचा खोडकरपणा. म्युनिकच्या तंत्रशिक्षण संस्थेतील प्राध्यापक कार्ल फॉन लिंड यांनी १८७० च्या दशकात गाब्रिएल झेडलमायरच्या पाठिंब्याने आपले शीतकरण यंत्र तिथे चालवून पाहिले. तळ्यावरचा बर्फ, खोल तळघरे, चेस्टनटची सावली, सारे एका फटक्यात ऐच्छिक झाले. बारमाही बिअर बनू लागली. मार्चमध्ये बेगमी करण्याचे कारण उरले नाही. उरले ते नाव.

नाव राहिले, पेय मात्र बदलत गेले. तांबूस, भरीव मेर्त्सेनचे दोन-तीन पेले पोटाला जड जातात. तंबूत बसणाऱ्याने अधिक प्यावे हे विकणाऱ्याच्या हिताचे. म्हणून १९७० च्या दशकात पाउलानर ब्रुअरीने फिकट सोनेरी, घशाखाली सहज उतरणारी उत्सवी बिअर आणली. १९९० नंतर म्युनिकच्या तंबूंत सर्वत्र सोनेरी बिअरच मिळू लागली. गंमत अशी, की अमेरिकन ग्राहक ज्या तांबूस पेयाला 'अस्सल ऑक्टोबरफेस्ट' समजतो, ते ऑक्टोबरफेस्टमध्ये आता जवळजवळ मिळतच नाही.

अमेरिकेत हंगामी बिअरची प्रथा नव्याने रुजवली ती छोट्या ब्रुअरांनी. १९७५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने नाताळची खास बिअर काढली. बोस्टनच्या सॅम्युएल ॲडम्सने १९८९ मध्ये ऑक्टोबरफेस्ट आणली. त्याआधी १९८० च्या दशकातच कॅलिफोर्नियातील हेवर्ड येथे बिल ओवेन्स यांनी वसाहतकाळातील भोपळ्याची बिअर पुन्हा जिवंत केली होती. माल्टच्या टंचाईमुळे वसाहतकरी भोपळा वापरीत. ओवेन्स यांना मात्र आंबवल्यावर भोपळ्याची चवच लागेना. तेव्हा त्यांनी त्यात दालचिनी, जायफळ, लवंग असे भोपळ्याच्या 'पाय'चे मसाले घातले. आजची भोपळा-बिअर बहुतांशी मसाल्यांचीच बिअर आहे, ती तेव्हापासून.

मग ही बिअर ऑगस्टात का येते? दुकानातील फडताळाचे गणित पाहा. ब्रुअरीला हंगामी मालासाठी बहुधा एकच जागा मिळते. उन्हाळी बिअर जुलैअखेर संपली, तर ती जागा रिकामी ठेवता येत नाही. प्रतिस्पर्धी टपलेला असतो. म्हणून शरदाची बिअर पुढे येते. ती लवकर संपली की हिवाळ्याची ऑक्टोबरात आणि वसंताची जानेवारीत. दुसरीकडे भोपळ्याची बिअर थँक्सगिव्हिंग उलटल्यावर कोणी हातात धरत नाही. उरलेला माल म्हणजे निव्वळ तोटा, त्यामुळे विक्रीचे आठवडे वाढवायचे ते फक्त अलीकडच्या बाजूने. वाशीच्या बाजारात हापूसची पहिली पेटी जानेवारीतच आणण्यासाठी जी चढाओढ चालते, तिचीच ही भावकी. पहिल्या पेटीला भाव आणि बातमी दोन्ही मिळतात, चव हा पुढचा प्रश्न.

या घाईची किंमत आहे. ऑगस्टात विकायची भोपळा-बिअर जूनमध्ये बनवावी लागते, आणि जूनमध्ये भोपळा शेतात वेलीवर असतो. म्हणजे 'नव्या पिकाची' म्हणून विकली जाणारी बिअर गेल्या वर्षीच्या डबाबंद किंवा गोठवलेल्या गरावर बनते. लागर मुरायला टाकी कित्येक आठवडे अडकून पडते. मोठ्या ब्रुअरीला ते परवडते. चार टाक्यांच्या छोट्या ब्रुअरीने ऐन उन्हाळ्यात शरदासाठी टाकी अडवली, तर उन्हाळ्याची विक्री बुडते. घाई कोणालाच नको असते आणि एकट्याने थांबण्याचे धाडसही कोणाला होत नाही. २०१५ च्या अखेरीस अमेरिकेतील ब्रुअरींची संख्या ४,००० च्या पुढे जाऊन तिने १८७३ चा जुना उच्चांक मोडला. फडताळाची लांबी मात्र तेवढीच होती. त्याच सुमारास भोपळा-बिअर इतकी साचली की पुढच्या वर्षी अनेकांनी हात आखडता घेतला.

जाता जाता आपल्या किनाऱ्याशी असलेला एक धागा. इंग्लंडमध्ये उलटी रीत होती: दमदार साठवणीची बिअर ऑक्टोबरात, नव्या पिकावर बनवीत. लंडनजवळच्या बो येथील हॉजसन यांची अशी 'ऑक्टोबर' बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून दोनदा विषुववृत्त ओलांडत कित्येक महिन्यांनी मुंबई-कलकत्त्यास पोहोचे. पुढे जगभर गाजलेल्या 'इंडिया पेल एल'च्या पूर्वजांत तिची गणना होते. आज अमेरिकन फडताळावरून हंगामी बिअरला सर्वाधिक रेटणारी बिअर कोणती, तर तिचीच वंशज असलेली बारमाही आयपीए!

तरी एक शरदाची बिअर अजून पंचांगाला बांधलेली आहे. हॉप्सची फुले ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात तोडतात आणि एरवी लगेच वाळवून ठेवतात. १९९६ मध्ये सिएरा नेवाडा ब्रुअरीने ती न वाळवता, ओलीच वापरून बिअर बनवली. ओली फुले दिवसभरातच खराब होऊ लागतात. म्हणून वॉशिंग्टन राज्यातील याकिमाच्या मळ्यांतून निघालेले ट्रक रात्रभर धावून कॅलिफोर्नियातील चिको येथे पोहोचतात, आणि तोडणीपासून २४ तासांच्या आत ती फुले उकळत्या पात्रात पडतात. ही बिअर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोणाच्याही फडताळावर येऊ शकत नाही; तेव्हा फुले वेलीवरच असतात.